छापा, काटा आणि धातू

कपाटाचा खण आवरताना एक झिजलेले नाणे हाती लागले आणि आवरणे बाजूला ठेवून मी ते बोटांत फिरवत बसलो. छापा की काटा, एवढाच प्रश्न आपण नाण्याला विचारतो. परंतु राजाचे नाव आणि देवाचे चिन्ह ज्याच्या अंगावर उमटते, त्या धातूची दखल कोणी घेत नाही. समाज सत्तेने घडवला, श्रद्धेने की संपत्तीने, यावर विद्वान खुशाल वाद घालोत. या तिघांची भांडणे आणि तडजोडी मला नाण्यावरच अधिक स्पष्ट वाचता येतात.

बाराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर हिंदुस्थान जिंकल्यावर मुहम्मद घोरीने सोन्याची जी नाणी पाडली, त्यांपैकी काहींवर आधीच्या राजांच्या नाण्यांवरची बैठी लक्ष्मी तशीच राहिली आणि दुसऱ्या बाजूला घोरीचे नाव नागरी लिपीत आले. मूर्तिपूजा न मानणाऱ्या विजेत्याला लक्ष्मीची भीड पडली असेल, असे नाही; सराफाच्या नजरेला सरावलेले नाणे एकाएकी बदलले तर ते बाजारात अडेल, हे त्याच्या टांकसाळीला ठाऊक असावे.

मुहम्मद बिन तुघलकाची गोष्ट याच्या उलट. 1329-30च्या सुमारास त्याने पितळेची आणि तांब्याची नाणी काढून ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने स्वीकारावीत, असे फर्मान सोडले. त्याला वेडा ठरवण्याची आपल्याला घाई असते, पण चीनमध्ये तेव्हा चक्क कागदाचे चलन चालत होते. कल्पना काळाच्या फार पुढची होती, असेही म्हणता येणार नाही. केवळ हुकमावर लोक विसंबणार नाहीत, ही शंका त्यालाही आली असावी, कारण त्या नाण्यांवर 'जो सुलतानाची आज्ञा पाळतो, तो परमदयाळू ईश्वराची आज्ञा पाळतो' अशा अर्थाचा मजकूर आहे. पितळेत जे कमी पडत होते, ते धर्माने भरून काढायचे होते. प्रत्यक्षात लोकांनी सुलतानाची आज्ञा अगदी मनापासून पाळली: घरोघरी टांकसाळी निघाल्या, लोक सारा पितळेत भरू लागले आणि चांदी घरात दडवून ठेवू लागले. अखेर सुलतानाने खजिन्यातून चांदी मोजून ती नाणी परत घेतली आणि तुघलकाबादेत त्यांचे ढीग पडून राहिले. या भानगडीत घरगुती टांकसाळवाल्यांचे उखळ पांढरे झाले असणार.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने तर मठांची मालमत्ता जप्त करूनही पैसा पुरेना, म्हणून चांदीत तांबे मिसळले. नाणे झिजताच राजाच्या नाकाचे तांबे उघडे पडे आणि प्रजा त्याला 'तांबडनाक्या' म्हणे.

मात्र सत्ता, श्रद्धा आणि संपत्ती या तिघांचा सर्वांत विलक्षण हिशेब 955 साली चीनमध्ये झाला. तांब्याचा तुटवडा पडलेला, कारण लोक नाणी वितळवून भांडी आणि बुद्धमूर्ती घडवत. सम्राट शिझोंगने हजारो मठ बंद केले आणि 50 दिवसांच्या आत तांब्यापितळेच्या वस्तू सरकारजमा करून मोबदला घ्यावा, असा आदेश दिला. मोठा साठा लपवणाऱ्याला देहदंड होता. दरबारी कचरले, तेव्हा सम्राटाने केलेला युक्तिवाद मला फार आवडतो: लोकांच्या भल्यासाठी बुद्धाने स्वतःचे शिर आणि डोळेही दिले असते, मग तो तांब्याच्या पुतळ्याचा लोभ कशाला धरेल? मूर्ती वितळल्या, नाणी ओतली गेली आणि बाजारात आली. पण मूर्तींपासून झालेली नाणी म्हणून लोक ती खर्च करण्याऐवजी ताईत म्हणून जपू लागले, आणि पुढे कितीतरी पिढ्या, बाळंतपण अडले की ते नाणे बाईच्या मुठीत दिले जाई.