एका अंगठ्याचे अकरा सभासद

सहकारी शेती म्हटलं की लोक म्हैसाळचं नाव घेतात. मधुकर देवलांनी १९६९ साली तिथे दलित कुटुंबांची संयुक्त शेती उभी केली, त्यावर लिहिलंही गेलं. मी जिचा इतिहास लिहायला घेतलाय त्या संस्थेबद्दल कुठे एक ओळ छापलेली नाही. माणदेशातलं गाव, सरकारी पड जमीन, चाळीसेक भूमिहीन कुटुंबं. काँग्रेसच्या १९५९च्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्यानंतर गावोगाव अशा संस्था निघाल्या. पुष्कळशा कागदावरच राहिल्या. ही अजून पेरते.

आमच्यासारख्यांना इथे एक अडचण असते. संयुक्त शेतीत जमीन ज्याची त्याच्या नावावर राहते. सामुदायिक शेतीत ती संस्थेची, आणि ही संस्था सामुदायिक. सातबाऱ्यावर एकच नाव. त्यामुळे घरोघरच्या पत्र्याच्या पेट्या उघडून हाती काही लागत नाही. जे काही आहे ते संस्थेच्या दप्तरात: लाल कापडात बांधलेली इतिवृत्तं, रोजकीर्द, हजेरीपट, कसर लागलेली पावतीपुस्तकं.

हे दप्तर उतरवायला संस्थेने आम्हाला दोन कॉलेजची मुलं दिली होती. मुलं चुणचुणीत, पण त्यांनी सहाशे पानं मोबाइलच्या स्कॅनिंग ॲपवर काढून आणली. ॲप पान पांढरंफेक करतं, अक्षर काळंभोर करतं आणि मधलं सगळं खाऊन टाकतं. शिक्क्याची जांभळी शाई गेली, पेन्सिलीतले आकडे गेले, अंगठ्यांच्या जागी नुसते काळे डाग. मी वैतागून सगळं पुन्हा काढलं. कॅमेरा तिवईवर, फ्लॅश बंद, उजेड खिडकीचा. पेन्सिलीच्या मजकुरासाठी बॅटरी पानाला जवळजवळ टेकवून बाजूने. दिवसाला ऐंशी पानं झाली तर पुष्कळ. प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांना हा वेळ कळत नाही. त्यांना यशोगाथा हवी असते, तीही रंगीत फोटोंसकट.

तसा पुन्हा काढला म्हणूनच फेब्रुवारी १९७३चा ठराव दिसला. विहीर आणि ऑइल इंजिनासाठी कर्ज काढायचं, सर्वसाधारण सभा, हजर एकतीस. सात सह्या, बाकी अंगठे. प्रत्येकाखाली सेक्रेटरीच्या वळणदार अक्षरात ‘निशाणी डावा अंगठा’, नाव आणि ‘दस्तुर खुद्द’. (स्वतःच्या सहीपुढे लिहायचं ते त्याने दुसऱ्यांच्या अंगठ्यांपुढे लिहिलंय. तेव्हा मी हसले होते.) फोटो मोठा करून नावं वाचत होते. एका अंगठ्यावर तिरकी पांढरी रेघ होती. विळ्याची. कापणीला धाटं डाव्या हातात धरतात, विळा घसरला की अंगठ्यावरच येतो, त्यामुळे अशी रेघ या भागात नवलाची नाही. पण पुढच्या ओळीत तीच रेघ, त्याच कोनात. शेजारी तोच शंख. मोजले. अकरा.

त्या वर्षाच्या हिशेबावर ऑडिटरच्या हिरव्या शाईच्या बरोबरच्या खुणा आहेत. पंच्याहत्तर पैशांच्या चहाच्या व्हाउचरवर त्याने हरकत घेतलीय.

सेक्रेटरी वारून बरीच वर्षं झाली. अंगठा कुणाचा हे शोधायला मी निघालेच नव्हते. गावातल्या एका आजींकडे गेले होते दुष्काळातल्या सुकडीबद्दल आणि अमेरिकेच्या तांबड्या ज्वारीबद्दल विचारायला. त्या शेंगा फोडत बोलत होत्या आणि मला तो डावा अंगठा दिसला.

मी लॅपटॉपवर पान दाखवलं. वाचता येत नाही, पण त्यांनी लगेच ओळखलं.

“आगं, ह्यो माझाच की. समदी खडी फोडाया गेल्याली. मी बाळंतीण, म्हनून घरी. शेकटरी पॅड घिऊन दारात आला. म्हनला, वैनी, उद्या ब्यांकेचा सायेब येनार, कोरम भरंना. मी म्हनलं, माझं तर बुकात नावच न्हाई. म्हनला, अंगठ्याला कुटं नाव असतंय!”

दर अंगठ्यानंतर पदराला शाई पुसली, एवढंही त्यांना आठवत होतं. लुगडं वाया गेलं म्हणून सासूने केलेली कटकटही.

त्या कर्जातून विहीर झाली. ती विहीर नसती तर या संस्थेचं दप्तरही कुणी जपलं नसतं. कर्ज केव्हाच फिटलं. आजी मात्र आजही सभासद नाहीत. नवऱ्यामागे वारस म्हणून मुलगा लागला. हजेरीपटात त्यांचे दिवस आहेत, पुरुषांपेक्षा कमी रोजाने.

मला सगळ्यात छळतं ते वेगळंच. आता सभेच्या नोटिशीत असतं तसं ‘गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल, तिला गणपूर्ती लागणार नाही’ हे एक वाक्य सेक्रेटरीने घातलं असतं, तर कदाचित एकाही खोट्या अंगठ्याची गरज पडली नसती. नोटीस दप्तरात चिकटवलेली आहे. ते वाक्य नाही.

सल्लागार प्राध्यापक म्हणाले, तळटीप पुरे. प्राध्यापकांना सगळं तळटिपेत मावतं. चेअरमन जास्त खरं बोलले: “ताई, जमीन नव्या शर्तीची, सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी. आसपास एजंट फिरताहेत. जुना कागद खोटा म्हणून कुणी अर्ज टाकला, तर कचेरीच्या खेपा कोण घालणार?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

मुलाखत संपल्यावर मी नेहमीचं संमतीपत्र पुढे केलं आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. आजींनी पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर हात अधांतरी धरून माझ्याकडे पाहिलं.

“ह्यो कुनाचा करू?”

“तुमचाच, आजी.”

खाली मी त्यांचं नाव लिहिलं, मग ‘दस्तुर’ आणि माझं. प्रुफं सोमवारी जायची आहेत. त्या ठरावाचं छायाचित्र मी अजून ‘घ्यायची’मध्ये टाकलेलं नाही आणि ‘वगळलेली’मध्येही नाही.