आमची वाटचाल : जुन्या गेम डिस्कचं दुकान आणि तो दहा डॉलरचा कोड

डोंबिवलीत स्टेशनजवळ आमचं जुन्या गेम डिस्कचं दुकान आहे, मी आणि मामेभावाने पीएस-टूच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या सोनीच्या प्लेस्टेशन २ च्या जमान्यात चालू केलेलं. २००७ ला पीएस-थ्री भारतात आला ३९,९९० ला, नवीन गेम अडीच हजाराच्या आसपास, मग पोरं खेळून झालेली डिस्क आमच्याकडे द्यायची, वरचे पैसे टाकायची आणि दुसरी न्यायची. एकच डिस्क पाच घरं फिरायची आणि दर फेरीला आमचे थोडे सुटायचे, हाच धंदा.

मामेभावाचा हात डिस्क घासायच्या मशीनवर. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० ची डिस्क डीव्हीडी, डेटा साधारण ०.६ मिमी आत असतो, त्यामुळे बफिंग पॅडवर घासून स्क्रॅच काढता यायचा. पीएस-थ्रीची ब्लू-रे वेगळी, डेटा फक्त ०.१ मिमी खाली आणि वर कडक कोटिंग, घासलं की गेलीच. म्हणून ब्लू-रे घेताना तो टॉर्चखाली तिरकी धरून फिरवून बघायचा आणि खोल ओरखडा दिसला की घ्यायचाच नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असू दे.

मग आले कोड. २००६ ला ऑब्लिव्हियन गेमवाल्यांनी गेममधल्या घोड्याचं चिलखत डाउनलोड म्हणून अडीच डॉलरला विकलं तेव्हा लोक हसले होते, पण हिशोब कंपन्यांना बरोबर कळला. डिस्क म्हणजे छपाई, डबा, वाहतूक, डिस्ट्रिब्युटर, दुकानदार, आणि एकदा विकली की पुढच्या चार गिऱ्हाइकांचा एक पैसा कंपनीला नाही. डाउनलोडवाल्या भागाला यातलं काहीच नाही, स्टोअरवाला आपले तीस टक्क्यांच्या आसपास कापून घेतो, बाकी कंपनीचे, आणि तो भाग कोणी परत विकूच शकत नाही!

२०१० पासून फिफावाल्या ईए कंपनीने ऑनलाइन पास काढला, नवीन डब्यात एक चिठ्ठी, कोड एकदाच चालणार. फिफा १२, बॅटलफील्ड ३, जुनी डिस्क घेतलीत की ऑनलाइन खेळायला वेगळे दहा डॉलर, म्हणजे तेव्हाचे पाचेकशे रुपये. २०११ ला बॅटमॅनच्या अर्काम सिटी गेममध्ये कॅटवूमनचा भागच कोडमागे टाकला. बाराशेची आमची डिस्क एका चिठ्ठीपायी सातशेची झाली आणि कपाट भरलेलं, सगळं जुन्या भावाने उचललेलं.

त्यात मॉलमधलं ते मोठं दुकान. नाव घेत नाही, डोंबिवली-कल्याणच्या पोरांना माहितीये. प्री-ऑर्डरचे बोनस, एखादी जादा बंदूक, जादा ड्रेस, असले कोड फक्त त्यांना मिळायचे, आम्ही मागितले तर डिस्ट्रिब्युटर म्हणायचा तुमची क्वांटिटी नाही. बरं तिथवर ठीक, धंदा आहे. पण आमच्या गिऱ्हाइकांना काउंटरवर उभं करून सांगायचे की जुनी डिस्क म्हणजे अर्धा गेम, आणि वर आमची मशीन डिस्क खराब करते म्हणून. हे मी आजही विसरलेलो नाही. मामेभाऊ ज्या मायेने एकेक डिस्क तपासायचा ते त्यांच्या एकाही सेल्समनने बघितलेलं नाही. भाडं तटलं, लाइटबिल थकलं, शटर ओढायचं जवळजवळ ठरलंच होतं.

वाचवलं ते बँकेतल्या एका काकांनी. पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक, ऑनलाइन कधीच खेळायचे नाहीत, डीएलसी, म्हणजे तो डाउनलोडचा जादा भाग, सुटी कधी घेतली नाही, वर्षभर थांबायचे आणि सगळे जादा भाग घातलेली गेम ऑफ द इयर एडिशन आली की न्यायचे. फॉलआउट ३, रेड डेड, सगळा मसाला डिस्कवरच. आपलं अख्खं कलेक्शन आणून ठेवलं आणि म्हणाले, विकलं की पैसे दे, घाई नाही. एका आठवड्यात निम्मं गेलं! तेव्हापासून आमचा वेगळा कप्पा आहे, 'सगळं डिस्कवर', पुढे विचर ३ आणि ब्लडबॉर्नच्या पूर्ण एडिशन आल्या त्याही तिथेच. २०१३ ला ईएने ऑनलाइन पास बंद केला, आम्ही तोवर उभे होतो.

आता घेणाऱ्यांनी ऐका, विचारलं नसलं तरी सांगतो. 'कम्प्लीट' लिहिलंय म्हणून भुलू नका, डब्यात चिठ्ठी असेल तर ती वापरलेली धरूनच भाव करा. पीएस-थ्रीची घेताना डब्याच्या कडेचा नंबर बघा, सुरुवातीला बीएलईएस (BLES), म्हणजे युरोपची, असेल तर इंडियाच्या अकाउंटची डीएलसी चालेल, बीएलयूएस (BLUS) म्हणजे अमेरिकेची, तिला नाही चालणार, मग पैसे पाण्यात. आणि पीएस-फाइव्ह घेताना डिस्क टाकायच्या ड्राइव्हवालाच घ्या. आला तेव्हा बिनड्राइव्हचा दहा हजाराने स्वस्त होता म्हणून कितीतरी जणांनी उचलला, तेच आता येऊन विचारतात एक्सचेंज होईल का, तर त्यांच्याकडून मी काय घेऊ?