तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात मातीची भिंत धुमसायची तर

घराच्या भिंती माती धुमसून, म्हणजे फळ्यांच्या साच्यात ओलसर माती थराथरानं ठोकून, उभ्या करणार म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पावसात विरघळणार नाहीत का?" ज्यांना स्वतःलाही असं घर हवंय, ते पुढे विचारतात, "सुरुवात कुठून करू?" दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे. आधी जोतं आणि छप्पर कागदावर पक्कं करा. भिंतीकडे त्यानंतर वळा.

आपला जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो, त्यामुळे पावसाची काय काळजी, असं वाटतं. पण सोलापूरचा पाऊस बेताचा असला तरी भुरभुर पडत नाही. सगळ्यांत जास्त पाऊस सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर, विजांसह आणि आडव्या वाऱ्यानं येतो. ऑक्टोबर २०२० मधली अतिवृष्टी कुणी विसरलेलं नसेल. गावोगावच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या नीट बघा. भिंतीचा मधला भाग अजून ताठ असतो. खचलेला असतो तो उघडा पडलेला माथा आणि जमिनीलगतचा, ओल धरलेला पाय. म्हणून जमिनीपासून निदान दोन फूट काळ्या दगडाचं जोतं, त्यावर ओल अडवणारा थर, चारी बाजूंनी अडीच-तीन फूट पुढे आलेली वळचण आणि पागोळ्या पडतात तिथे शहाबादी फरशीचा, बाहेर उतार दिलेला पट्टा. एवढं केलंत की पावसाचं बरचसं भय संपतं.

पाया काळ्या रानात असेल तर जास्त काळजी घ्या. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. धुमसलेल्या भिंतीला ही हालचाल सोसत नाही. मुरूम लागेपर्यंत चर खणायचाच, आणि चर भरताना खणून काढलेली काळी माती पुन्हा आत टाकायची नाही. माळावरची जागा मिळत असेल तर मी डोळे झाकून ती घेईन. शेताला कमी, घराला उत्तम.

आता भिंतीची माती. काळी बाद. पांढरीची माती माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छपराला, आणि भेंड्यांना, म्हणजे कच्च्या विटांना, पिढ्यान् पिढ्या वापरली, पण ती फार बारीक. धुमसायला भरड हवं: वाळू, बारीक खडी, मुरूम मिळून निम्म्याहून जास्त, आणि चिकणमाती शंभरात साधारण दहा ते वीस भाग. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, चिकणमाती बसायला दुसरा दिवस उजाडतो. थर पट्टीनं मोजा. ओल बघायची तर मुठीत लाडू वळा आणि छातीएवढ्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर ठीक, भुगा झाला तर कोरडी, जागीच चपटा झाला तर पाणी जास्त.

सिमेंट घालावं का? रुंद वळचण आणि उंच जोतं असेल तर नुसती मातीही टिकते. पण पहिल्यांदाच बांधणाऱ्यानं शेकडा पाच-सहा भाग घालावं, असं माझं मत आहे. मात्र मग कालवलेला माल तासाभरात संपवावा लागतो आणि भिंत आठवडाभर ओली ठेवावी लागते.

हिशेब आधी करा, कारण श्रम तुमचेच आहेत. भिंतींची एकूण लांबी १०० फूट, उंची १० आणि जाडी दीड फूट धरली तर १५०० घनफूट, म्हणजे १५ ब्रास ठोकलेली भिंत होते. ठोकल्यावर माल दोन तृतीयांश उरतो, म्हणून सुटा माल २२-२३ ब्रास लागेल. वजन पंच्याऐंशी टनांच्या आसपास. मुरूम विकत आणणार असाल तर गौण खनिजाची परवानगी आणि पावती बघूनच घ्या. कालवायला पाणी शेकडा दहा धरलं तरी एका मोठ्या टँकरात भागतं. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे ही गोष्ट माझ्या लेखी फार मोठी आहे.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, त्यात दीड फूट मातीची भिंत सावकाश तापते. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत मध्यरात्र उलटते. लोक इथवरच सांगतात. पण मध्यरात्री ती उष्णता आत सुटतेच, आणि आपली मे महिन्यातली रात्रही काही गार नसते. म्हणून पश्चिमेची भिंत तापूच द्यायची नाही. त्या बाजूला ओसरी, न्हाणी, कोठी घ्या, बाहेर कडुनिंब लावा, खिडकी नको. झोपायची खोली पूर्वेला, आणि भिंतीत वर-खाली झरोके असे ठेवा की रात्रभर वारा खेळेल. दुपारी ते बंद.

छपराबद्दल मात्र मी हट्टी आहे. माळवदाखाली किती गारवा असतो, हे सोलापूरकराला सांगायला नको. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंतींवरची ती जड माळवदंच झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर जिल्ह्यातली किल्लारी आपल्यापासून काही फार लांब नाही. म्हणून छप्पर हलकं: मंगलोरी कौलं आणि खाली हवेची पोकळी सोडून बांबूची चटई. भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून जोडलेला काँक्रीटचा पट्टा हवाच. मातीच्या बांधकामासाठी आयएस १३८२७ हे भारतीय मानक आहे. त्यात भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून जास्त नको, दार-खिडकी चार फुटांहून रुंद नको आणि कोपऱ्यापासून तेवढंच अंतर सोडा, असं स्पष्ट दिलंय. दहा फूट उंच, दीड फुटी भिंतीला चौदा फुटांच्या आत आडवी भिंत लागते. घरातली कुठलीही खोली त्याहून लांब आखू नका, आणि नकाशा स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्या.

धुमसायचा हंगाम दिवाळी ते शिमगा. त्याआधी, मृगालाच, तुमच्याच मातीचा तीन फूट लांब, तीन फूट उंच तुकडा जागेवर ठोका. फळ्या घट्ट आवळा, अर्धा फूट सुटा थर टाका, धुम्मसाचा, म्हणजे माती ठोकायच्या जड ठोकळ्याचा, आवाज बोदा येतोय तोवर थांबू नका. तो खणखणीत झाला की पुढचा थर. अर्ध्या तुकड्यावर पत्रा ठेवा, अर्धा उघडा सोडा. परतीचा पाऊस होऊन गेला की दोन्ही बाजू नखानं खरवडून बघा आणि मगच मुरुमाची ऑर्डर द्या.