कठड्याआडचा वारा

आमच्या गच्चीचा कठडा माझ्या कमरेएवढा उंच आहे. लेकाच्या रिमोटच्या हेलिकॉप्टरबद्दल आम्ही जे शिकलो, त्यातलं निम्मं या कठड्याने शिकवलं.

पहिलं हेलिकॉप्टर एकावर एक दोन पंख्यांचं होतं, तळहातावर मावेल एवढं. दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे ते स्वतःभोवती गरगरत नाही. घरात अगदी भोवऱ्यासारखं स्थिर राहायचं. पण पुढे जायला त्याच्याकडे शेपटीवरचा एक इवलासा आडवा पंखा, बस. तो शेपूट उचलतो, नाक खाली जातं आणि हेलिकॉप्टर चालत्या माणसाच्या वेगाने सरकतं. डिसेंबरातल्या एका सकाळी ते गच्चीवर नेलं. बसून पाहिलं तर हवा शांत. कठड्याच्या वर हातभर गेलं मात्र, आणि थेट शेजारच्या आंब्याकडे निघालं. "आई, ऐकतच नाहीये!" लेकाने रिमोटची दांडी पूर्ण पुढे दाबून धरली होती. नाक वाऱ्याकडेच होतं, हेलिकॉप्टर जोरही लावत होतं, पण वारा त्याच्यापेक्षा वेगात होता.

आम्ही साताऱ्याचे. वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. असल्या मोठ्या पवनचक्क्या सेकंदाला साधारण 3 ते 4 मीटर वारा मिळाला की फिरू लागतात. ज्या वाऱ्यात त्या नुकत्या जाग्या होतात, त्यात असलं हेलिकॉप्टर बाहेर काढायचंच नाही, हे मी तेव्हा मनाशी पक्कं केलं. वारा दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हेही लक्षात ठेवावं.

दुसरं घेतलं ते एका मोठ्या पंख्याचं, चार चॅनेलचं, म्हणजे रिमोटवरून चार वेगवेगळ्या हालचाली सांभाळता येणारं, जेमतेम 40 ग्रॅमचं. हे चारही बाजूंना कलतं, म्हणजे वाऱ्याशी झुंजू शकतं. तरी पहिल्याच आठवड्यात पडलं. कठड्याच्या वर आलं आणि लेकाने थ्रॉटलला, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या दांडीला, हातही न लावता टुणकन दोन हात वर उडालं. घाबरून त्याने थ्रॉटल कमी केला. तेवढ्यात झुळूक पडली आणि ते दगडासारखं खाली आलं.

याचं कारण मला कळलं तेव्हा फार आनंद झाला. शांत हवेत एका जागी तरंगणारा पंखा स्वतःच खाली वाहती केलेल्या हवेत फिरत असतो. वारा आला की त्याला सतत ताजी हवा मिळते आणि तेवढ्याच फेऱ्यांत उचल वाढते. वारा पडला की ती उचल गेली. मोठ्या हेलिकॉप्टरांत पात्यांचा कोन बदलून लगेच सावरता येतं. आमच्या छोट्याच्या पात्यांचा कोन ठरलेला, उचल वाढवायची तर मोटरलाच वेग घ्यावा लागतो. त्यात क्षणभर जातो, आणि जमिनीपासून चार हातांवर तेवढा क्षण नसतो. शिवाय समोरून झोत आला की वाऱ्याला सामोऱ्या जाणाऱ्या पात्याला जास्त हवा लागते, फिरत्या पात्यांची चकती मागे कलते आणि नाक वर उठतं. म्हणून नाक वाऱ्याकडे ठेवून दांडी आधीच थोडी पुढे धरायची.

पडल्यावर मी पातं उन्हात धरून पाहिलं. मुळाशी केसाएवढी पांढरी रेघ होती. प्लास्टिक तिथे मोडलेलं नसतं, पण दमलेलं असतं. असलं पातं मी पुन्हा लावू देत नाही.

आता आम्ही दोन उदबत्त्या लावतो. एक कठड्याच्या आत, दुसरी केरसुणीच्या काठीला बांधून कठड्याच्या वर. आतली नेहमीच शांत दिसते, तिच्यावर जायचं नाही. वरच्या धुराचे तुकडे पडत असतील तर उडवायचं नाही, मग वारा कितीही कमी वाटो, कारण झोत आणि पोकळी आळीपाळीने येतात तेच घातक. दहानंतर स्लॅब तापला की बहुतेक तसंच होतं, म्हणून आम्ही साडेसातला वर जातो.

काल वरचा धूर वाकडा होता, पण अखंड.

"सलग आहे आई, चालेल," लेक म्हणाला, आणि धूर जात होता त्याच्या बरोबर उलट दिशेला नाक करून त्याने हेलिकॉप्टर फरशीवर ठेवलं.