चालत्या गाडीत फोर हाय लावायचं की नाही

आमच्या बाबांकडे जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी, जीप होती. तिच्या पुढच्या चाकांना हब असायचे, ते हाताने फिरवून लॉक करायला लागायचे. म्हणजे गाडी थांबवा, पावसात उतरा, दोन्ही बाजूंनी हब फिरवा, परत आत बसा आणि मग लिव्हर ओढा. त्यामुळे बाबांचा नियम डोक्यात पक्का बसलेला, फोर व्हील लावायची तर आधी गाडी थांबव. मी पिकअप घेतला (सोसायटीत अजून विचारतात टेम्पो कधी घेतला म्हणून, आणि सव्वापाच मीटरच्या वर लांबी असल्यामुळे पार्किंगवरून जे ऐकून घेतो ते वेगळंच) तेव्हाही हाच नियम चालू ठेवला आणि तिथेच माती खाल्ली.

जुलैत मामाकडे चाललो होतो, मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या बाजूला. डांबर संपलं की दीड-दोन किलोमीटर कच्चा रस्ता, दोन्ही बाजूला भातलावणी चालू, रस्त्याचंही शेतच झालेलं. गाडी दुसऱ्या गियरमध्ये मस्त चालली होती आणि बरोबर चिखलाच्या मधोमध मला बाबांचा नियम आठवला, म्हणून थांबलो. झालं. मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली, घाबरून तशा फिरत्या चाकांवरच गियरजवळचा नॉब फोर हायला (साध्या वेगात चारही चाकं ओढतात तो मोड) टाकला तर खालून कर्रर्र असा आवाज आला की बायकोने माझ्याकडे बघायचंच सोडलं. शेवटी मामा ट्रॅक्टर घेऊन आला. "भाच्या, चार चाकं ओढतात म्हणालास ना रे, मग ही माझी का चालली?"

ठाण्यात आल्यावर आमच्या गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. नशिबाने काही तुटलं नव्हतं, पण त्याने चांगलं अर्धा तास झापलं. म्हणाला, आता नॉबवाल्या पिकअपमध्ये टू हायवरून (फक्त मागची चाकं ओढतात तो मोड) फोर हाय चालत्या गाडीतही लावता येतं, ताशी १०० च्या खाली असलं की चालतं (तरी आपापल्या गाडीचं मॅन्युअल बघा, मी स्वतः ४०-५० च्या वर लावतच नाही). स्टिअरिंग सरळ ठेवायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, नॉब फिरवायचा, मीटरमधला फोर व्हीलचा दिवा लुकलुकतो तो स्थिर झाला की झालं. सरळ चालताना पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांपर्यंत ताकद नेणारा दांडा) जवळपास एकाच वेगाने फिरत असतात म्हणून त्यांना जोडणारे दात अलगद बसतात. मी नेमकं उलटं केलं होतं, मागचा शाफ्ट सुसाट आणि पुढचा गप्प उभा. फोर लोची (चारही चाकं, पण हळू चालायला) गोष्ट वेगळी, तिथे जोर अडीच पटीच्या आसपास वाढतो, पण ते लावायला मात्र गाडी थांबवून न्यूट्रलच करायला लागते. म्हणजे बाबा अगदीच चुकीचे नव्हते.

पुढच्या खेपेला डांबर संपायच्या आधीच, चालत्या गाडीत लावलं. टक असा बारीक आवाज, बस. तोच चिखल होता, पण गाडी न थांबता मामाच्या अंगणात.

पण शहाणपणा इथेच संपला, कारण येताना फोर हाय काढायचं विसरलो. माळशेज रोडने कल्याणपर्यंत बहुतेक सरळ आणि ओला रस्ता, त्यामुळे काही कळलं नाही, फक्त गाडी जरा जड वाटत होती. आमच्या कासारवडवलीच्या सोसायटीत बेसमेंट कोरडं, तिथे फुल स्टिअरिंग मारून पार्क करायला गेलो तर गाडी अडखळायला लागली, टायर चीं करून उड्या मारायला लागले, वॉचमन धावत आला, त्याला वाटलं खांबाला घासली.

त्याचं कारण मला पालखीवरून समजलं. पालखी वळते तेव्हा पुढच्या भोयांना मोठा फेरा पडतो आणि मागचे थोडक्यात वळतात. आता दोघांनाही सांगितलं की मोजून सारखीच पावलं टाका, तर दांडा पिरगळणारच. माझ्यासारख्या पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये (गरजेपुरतीच चारही चाकं लावायची) पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात, मध्ये फरक सांभाळणारं डिफरन्शियल नसतं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि पीळ सुटतो. कोरड्या लादीवर घसरायला जागाच नाही, मग तो पीळ सगळा शाफ्ट, गियर आणि टायरवर येतो. म्हणून घोडबंदरला नुसता पाऊस पडतोय म्हणून फोर हाय लावून फिरणारे बघितले की मला त्यांच्या टायरची दया येते, वर त्याने ब्रेक काही जास्त चांगला लागत नाही.

काढताना कधीकधी दिवा लुकलुकतच राहतो, कारण पीळ अडकलेला असतो. तेव्हा सरळ थोडं पुढे जायचं नाहीतर चार हात रिव्हर्स घ्यायचं, सुटतो. मी त्या दिवशी बेसमेंटमध्ये तेच केलं, वॉचमन मागून "आने दो, आने दो" करत होता.

आता डांबर लागलं की बायको पहिलं विचारते, "दिवा गेला का?"