बोटीवर स्वीट घ्यायचा का? आठ जण, तीन खोल्या आणि एक बोली

आई-आप्पांच्या लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून दादाच्या डोक्यात आलं की हॉल, जेवणावळी, बँडबाजा काही नको, सगळ्यांनी मिळून क्रूझला जायचं. आप्पांचा पहिला प्रश्न, "बोटीत पोट ढवळलं तर उतरायचं कुठं?" असो. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आलो, सिंगापूर-पेनांग-फुकेत-सिंगापूर, चार रात्री. आल्यापासून शाहूपुरीपासून राजारामपुरीपर्यंत भेटेल तो एकच विचारतोय की खोली कुठली घेतली, स्वीट (म्हणजे बोटीवरची मोठी, महागडी खोली) घ्यावा का, पैसे वसूल होतात का. प्रत्येकाला रंकाळ्यावर उभं राहून तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी माणसं सांगतो म्हणजे हिशोब कळेल. आई-आप्पा दोघं (आप्पा ७६, आईचे दोन्ही गुडघे गेलेले), दादा-वहिनी आणि पुतण्या, मी, बायको आणि मुलगी. एकूण आठ, खोल्या तीन. बोट होती रॉयल कॅरिबियन कंपनीची, क्वांटम क्लासमधली (म्हणजे त्यांच्या एकाच नमुन्याच्या बोटींपैकी एक), लांबी जवळजवळ ३४८ मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं गुडघ्यांच्या संदर्भात लागणार आहे.

खोल्यांचे प्रकार ढोबळमानाने असे. सगळ्यात स्वस्त इनसाइड, म्हणजे खिडकीच नाही. मग ओशन व्ह्यू, म्हणजे न उघडणारी काच. मग बाल्कनी. त्याच्यावर ज्युनिअर स्वीट, मग ग्रँड स्वीट, आणि त्याच्यावर ओनर्स, लॉफ्ट वगैरे जे आपल्यासारख्यांनी फक्त फोटोत बघायचं. घोळ असा की 'स्वीट' या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावर 'मिनी स्वीट' असतो, रॉयल कॅरिबियनवर 'ज्युनिअर', आणि काही कंपन्यांत तर स्वीटवाल्यांचा बोटीतच वेगळा दरवाजाबंद भाग असतो, एमएससीवर त्याला यॉट क्लब म्हणतात आणि नॉर्वेजियनवर हेवन. त्यामुळं "मित्रानं स्वीट घेतला होता, लई भारी होता" हे ऐकून बुक करू नका. कुठल्या बोटीवरचा कुठला स्वीट, हे आधी विचारा.

आमचं बुकिंग राजारामपुरीतल्या एका एजंटकडं. माणूस बोलायला गोड पण तोंडातून पूर्ण माहिती काढायला पक्कड लागते. त्यानं आई-आप्पांना ज्युनिअर स्वीट, दादाला ज्युनिअर स्वीट शेजारीशेजारी, आणि आम्हाला इनसाइड दिली, तीही 'गॅरंटी'. मला वाटलं गॅरंटी म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, पक्की खोली वगैरे. तर तसं नसतं भावांनो. गॅरंटी म्हणजे फक्त प्रकाराची गॅरंटी, खोली कुठली ते कंपनी नंतर ठरवणार, आणि दर त्यामुळंच थोडा कमी असतो. आमची निघाली पार मागच्या टोकाला, तीही वेगळ्या मजल्यावर. एकट्यादुकट्याला किंवा नवराबायकोला ठीक आहे, पण म्हातारी माणसं बरोबर असतील तर गॅरंटी घेऊच नका. डेकचा नकाशा कंपनीच्या साइटवर असतो, तो उघडून खोलीचा नंबर स्वतः निवडा आणि मगच पैसे भरा.

नकाशात काय बघायचं? एक, लिफ्ट किती लांब. ३४८ मीटरच्या बोटीत चुकीच्या टोकाला खोली मिळाली की प्रत्येक चहाला कॉरिडॉरची पायपीट. दोन, वर आणि खाली खोल्याच आहेत ना. वर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचे आवाज, खाली थिएटर असेल तर रात्री ढोल. म्हणजे दोन्ही बाजूंनी खोल्यांच्या मधली खोली चांगली, सँडविचमधल्या काकडीसारखी. तीन, हलणं. बोट पुढं-मागं डोलते तेव्हा दोन्ही टोकं जास्त वरखाली होतात, मध्यभाग कमी, आणि उंचावर आडवं डोलणं जास्त जाणवतं. आता गंमत बघा, महागडे स्वीट बहुतेक वेळा वरच्याच मजल्यांवर असतात. म्हणजे ज्याला बोट लागते त्यानं पैसे जास्त भरून जास्त हलायचं. आमच्या वाटेवर मलाक्काची सामुद्रधुनी, दोन्ही बाजूला जमीन, पाणी शांत, कुणालाही काही झालं नाही, आप्पांनी नेलेल्या आवळा सुपारीचा डबा तसाच परत आला.

आता बोलीची गोष्ट. निघायच्या आधी काही आठवडे दादाला कंपनीची मेल आली की तुमची खोली वरच्या वर्गात न्यायची असेल तर बोली लावा. आधी आम्हाला वाटलं फसवाफसवी आहे, पण ही पद्धत खरीच असते. एका माणसामागं किती डॉलर ते तुम्ही टाकायचं, खोलीत दोन माणसं धरून पैसे कापतात, आणि मंजूर झाली की मागं फिरता येत नाही. दादानं दोन्ही ज्युनिअर स्वीटवर बोली लावली, गुऱ्हाळात गुळाचे सौदे बघितलेला माणूस तो, त्याच्या अंगात आलं होतं. आई-आप्पांची मंजूर झाली, दादाची नाही. म्हणजे ते दोघं ग्रँड स्वीटमध्ये गेले, पण शेजारची खोली सुटली आणि मजलाही बदलला. खोली कुठं मिळणार हे बोलीत आपल्या हातात नसतं. ज्यांना शेजारीच राहायचंय त्यांनी बोलीच्या नादाला लागू नये, हे आम्हाला मंजुरीची मेल आल्यावर सुचलं.

त्यामुळं झालं काय की आठ जणांत तीन वेगवेगळे प्रकार राहून बघायला मिळाले, आणि खरं सांगायचं तर त्याच्यामुळंच हे लिहितोय.

आमची इनसाइड. खिडकी नाही, पण क्वांटम क्लासच्या बऱ्याच इनसाइड खोल्यांत 'व्हर्च्युअल बाल्कनी' असते, म्हणजे भिंतीवर ८० इंची उभा पडदा आणि त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्यातला समुद्र चालू. मला वाटलं होतं पोरखेळ असेल, पण पहाटे उजाडताना खरंच खोलीत उजेड होतो, आणि बंद केला की मध्यरात्रीसारखा काळोख. तिघांत जागा कमी पडते हे खरं. तिसरा पलंग छताकडून खाली येतो, स्लीपर कोचच्या अप्परची सवय असलेल्या कोल्हापूरकराला त्यात काही विशेष नाही. बॅगा कॉटखाली सरकवल्या की झालं.

दादाची ज्युनिअर स्वीट. साधारण २७० चौरस फूट अधिक बाल्कनी, म्हणजे साध्या बाल्कनी खोलीपेक्षा ७० फूट जास्त. सोफा आहे, टब आहे, कपाट मोठं. वहिनी खूश. पण स्वीट हा शब्द इथं निम्माच खरा. स्वीटवाल्यांचं जे खास हॉटेल असतं तिथं ज्युनिअरवाल्यांना फक्त रात्रीचं जेवण, लाउंज नाही, त्यांचा वेगळा सनडेक नाही. नियम साइटवर स्पष्ट लिहिलेला होता, आम्हीच वाचला नव्हता, त्यामुळं पहिल्या संध्याकाळी दादा आई-आप्पांबरोबर ऐटीत लाउंजकडं गेला आणि दारातून हसत हसत परत आला. आईला काही ते पटेना, "माझ्या पोराला सोडून मी आत बसू व्हय?" म्हणून तीही उठून आली. तीन खोल्यांत पैशाला सगळ्यात कमी जागलेली खोली माझ्या मते हीच. तीन माणसांना फूटभर जास्त हातपाय पसरायचे असतील तरच घ्या, नाहीतर दोन शेजारशेजारच्या बाल्कनी घ्या आणि मधला पडदा उघडता येतो का ते खोलीच्या माणसाला विचारा, बऱ्याच बोटींवर उघडून देतात.

आणि टबाचं महत्त्वाचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला टबाचा काठ ओलांडून आत उतरणं म्हणजे संकट. आईनं वहिनीच्या बाथरूममध्ये नुसतं डोकावून "ही डोणी कशाला ठेवलीय" म्हणून दार लावून घेतलं. फोटोत टब भारी दिसतो, पण म्हातारी माणसं असतील तर नुसता शॉवर असलेली खोली मागा, व्हीलचेअर लागत असेल तर त्यासाठीच्या वेगळ्या खोल्या असतात, त्या लवकर संपतात.

आता ग्रँड स्वीट. साधारण ३५० चौरस फूट, बाल्कनी शंभरच्या वर. यांच्या पद्धतीत सी, स्काय आणि स्टार असे तीन वर्ग, ज्युनिअर सीमध्ये, ग्रँड स्कायमध्ये, आणि स्टारवाल्यांना तर दिमतीला स्वतंत्र माणूस, ज्याला ते जिनी म्हणतात. स्कायमध्ये काय मिळालं? चढताना वेगळी रांग, फुकट इंटरनेट, खास हॉटेलात तिन्ही वेळा जेवण, लाउंजमध्ये संध्याकाळी पेयं, कामं करून द्यायला कॉन्सिअर्ज. यातलं वापरलं काय ते ऐका. आप्पा दारूला शिवत नाहीत, म्हणजे पेयं गेली. खास हॉटेलातलं जेवण भूमध्य समुद्राच्या पद्धतीचं, सुंदर होतं म्हणे, पण तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला ते आजाऱ्याचं जेवण वाटलं, एकदा जाऊन दोघं मुकाट्यानं आमच्याबरोबर वरच्या बुफेला यायला लागले, तिथं भात-आमटीसारखं काहीतरी रोज असायचं. (शाकाहारी, जैन असाल तर बुकिंग करतानाच लिहून द्या, बोटीवर चढून मग सांगू नका.) इंटरनेट मात्र पुरेपूर वसूल, आप्पांच्या नावावरच्या एका कनेक्शनवरनं आठ जणांचे स्टेटस पडत होते, आळीपाळीनं.

आणि रांगा. इथं मात्र स्वीटचं सोनं झालं. सिंगापूरला चढताना हजारोंची गर्दी आणि आई वेगळ्या रांगेतनं आत. पेनांगला बोट धक्क्याला लागते, जॉर्ज टाऊनमध्ये उतरून चालतसुद्धा फिरता येतं, तिथं फरक नाही. पण फुकेतला बोट समुद्रातच उभी राहते आणि लहान होड्यांतनं किनाऱ्यावर नेतात, तिथं स्वीटवाल्यांना आधी सोडतात. आई-आप्पा पलीकडं जाऊन शहाळं पिऊन झाले तरी आम्ही नंबरची चिठ्ठी घेऊन बसलेलो. तासभर उभं राहणं ज्याला जमत नाही त्याच्यासाठी एवढ्या एका कारणानं मी स्वीटचे पैसे देईन. बाकी तब्येतीनं धडधाकट माणसानं देऊ नयेत, आमच्या तारखेला ग्रँडचा दर इनसाइडच्या अडीचपट पडत होता.

शिवाय आमच्या घरात झालं असं की ती एकच मोठी खोली सगळ्यांचा कट्टा झाली. दुसऱ्यांना खोलीत बसायला बंदी नसते, बंदी लाउंजला असते. त्यामुळं संध्याकाळी आठही जण त्या बाल्कनीत, शेव-चिवड्याची पुडी फोडून. आणि दुपारी उलटं, आई आमच्या इनसाइडमध्ये झोपायला, "तुमच्यात कसं गार अंधार असतो, आमच्यात नुसता उजेड." पुढच्या वेळी जायचं तर एक ग्रँड आणि बाकी सगळे इनसाइड, ज्युनिअर कुणालाच नाही, हे आमचं ठरलंय.

आता पैशातला न सांगितलेला भाग. टिप. ती रोज माणशी खात्यावर पडते, लहान मुलांची पण. आम्ही गेलो तेव्हा ज्युनिअरपर्यंत १८.५० डॉलर आणि त्याच्या वरच्या स्वीटला २१ डॉलर. आठ जण चार रात्री म्हणजे ६१२ डॉलर, आणि एजंटनं यातला एक डॉलर पण बोलून दाखवला नव्हता. आधीच भरता येते, भरून टाका, शेवटच्या दिवशी बिल बघून तोंड कडू होत नाही. दर नेहमी माणशी सांगतात, दोघं एका खोलीत धरून, तिसऱ्या-चौथ्याला बहुतेक कमी पडतो, एकट्याला मात्र जवळजवळ दोघांचे भरावे लागतात.

कागदपत्रांचं पटकन. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघा, कारण बोट परत तिथंच येते आणि ती दुसरी एंट्री धरतात. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड विमानानं उतरताना एकदा आणि बोटीनं परत येताना पुन्हा एकदा भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. मलेशिया-थायलंडचे नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात तपासा. आणि बोट सुटायच्या दिवशी सकाळी सिंगापुरात उतरायचा शहाणपणा करू नका, आम्ही महालक्ष्मीनं मुंबई, तिथनं विमान, आणि एक रात्र सिंगापुरात काढून मग बोट धरली.

बॅगेत इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड नको, तिन्ही काढून घेतात. घरचं केलेलं खाणं बोटीवर चालत नाही, सीलबंद पाकीट चालतं, त्यामुळं कांदा-लसूण चटणी दुकानातली पॅकबंद घ्या. आणि चहा. त्याबद्दल मी काही बोलत नाही, दूध कट्ट्यावरच्या माणसानं चार दिवस मन घट्ट करायचं.

परतीला महालक्ष्मीत आप्पांना अप्पर बर्थ आली. टीसीकडं जाऊन लोअर मागत होतो तर मागनं येऊन हळूच विचारतात, "इथं बोली लावता येत नाही काय रे?"