तुम्ही विचारलंत म्हणून: ल्युथर म्हणजे तो किंगच ना?

आम्ही प्रोटेस्टंट, म्हणजे ल्युथरपासून सुरू झालेल्या पंथातले ख्रिस्ती, त्यामुळे त्याचं नाव निघालं की समोरचा हमखास विचारतो, म्हणजे तो अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा पुढारी, मार्टिन ल्युथर किंग ना? पूर्वी नुसतं "नाही हो" म्हणून सोडून द्यायचो, आता सांगत बसतो.

दोघं वेगळे, मध्ये जवळजवळ साडेचारशे वर्षं. मार्टिन ल्युथर जर्मनीतला, जन्म 1483 चा, मठातला संन्यासी आणि विटेनबर्गला प्रोफेसर. पैसे भरा आणि पापाच्या शिक्षेतून सूट घ्या असल्या चिठ्ठ्या चर्च विकत होतं, त्यातला पैसा रोमला सेंट पीटरचं चर्च बांधायला जायचा, त्यावर याने 1517 ला 95 मुद्दे काढले. 1521 ला वर्म्सला बादशहासमोर उभं करून लिहिलेलं मागे घे म्हणाले, हा हटला नाही. मग वार्टबुर्गच्या किल्ल्यात दाढी वाढवून, नाव बदलून लपला आणि तिथे बसून अकराएक आठवड्यांत बायबलचा दुसरा भाग, नवा करार, जर्मनमध्ये आणला, तोही बाजारातल्या माणसाला कळेल अशा जर्मनमध्ये.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. शेतकऱ्यांनी ते पुस्तक खरंच मनावर घेतलं! 1525 ला मेमिंगेनला 12 मागण्या लिहिल्या, ख्रिस्ताने रक्त सांडून सगळ्यांना सोडवलंय तर आम्ही अजून जमीनदारांच्या मालकीचे का, असं वचनांचे दाखले देऊन विचारलं. ल्युथर आधी दोन्ही बाजूंना समजावत होता पण दंगा पेटल्यावर त्याने सरदारांना सरळ लिहिलं, भोसका, मारा यांना. हजारोंनी मेले बिचारे. म्हातारपणी ज्यूंबद्दल जे लिहिलं ते तर वाचवत नाही. 31 ऑक्टोबरला, त्या 95 मुद्द्यांच्या आठवणीच्या दिवशी, चर्चमध्ये जो उपदेश होतो त्यात यातलं काही येत नाही, मला स्वतःलाच हे फार उशिरा कळलं.

आणि किंग? 1934 ला अटलांटाचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, मायकेल किंग बॅप्टिस्टांच्या (प्रोटेस्टंटांमधलाच एक पंथ) परिषदेला बर्लिनला गेले, परत आल्यावर स्वतःचं नाव मार्टिन ल्युथर करून घेतलं, पाच वर्षांच्या मुलाचंही तेच, तोही आधी मायकेलच होता. हाच मुलगा 1966 ला शिकागोत काळ्यांना घरं नाकारतात म्हणून मोर्चा घेऊन गेला आणि मागण्यांचा कागद सिटी हॉलच्या दारावर लावला, मुद्दाम, ल्युथरसारखा. विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर ल्युथरने खरंच खिळे ठोकले का यावर अजून वाद चालतात, किंगचे चिकटपट्टी लावतानाचे फोटो आहेत.